चौदा नंबरचा बर्फ

दौलतगिरी कलारंजन मंडळाच्या दिवाळी रांगोळी स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून पाच लिटरचा प्रेशर कुकर मिळाला. आता हे विसरा. असं काही झालंच नाही असं धरून पुढं जाऊ. मीही बरीच वर्षं तसंच धरून चाललोय. रोज सकाळी स्वयंपाकघरातून शिट्टी येते तेवढी अडचण सोडली तर जमतंय.

तर त्या वर्षी मी शौकतभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसलो होतो आणि दारात जावईबापू वाकून उभे होते. वाकून, कारण शौकतभाईंनी दार गावच्या मापाचं केलं होतं आणि जावईबापू नॉर्वेच्या मापाचे होते.

आमच्या गावात जावई घरटी एक-दोन असतात, पण जावईबापू म्हटलं की हे एकच. आमच्या जुन्या संस्थानिकांच्या, म्हणजे सरकारांच्या, एकुलत्या कन्या वैजयंतीराजे माशांचं शास्त्र शिकायला नॉर्वेला गेल्या होत्या. आमच्याकडे समुद्र नाही, नदी उन्हाळ्यात रजेवर असते आणि राजवाड्यामागच्या तळ्यात फक्त म्हशी. पण सरकार म्हणाले, शिकू दे. त्या पदवी घेऊन आल्या आणि पाठोपाठ हाल्वर नावाचा नवरा आला. लेखक आणि चित्रकार. दोन्ही. एका धंद्यात उपाशी राहायचा कंटाळा आला की दुसऱ्यात राहायचं. संस्थान विलीन होऊन जमाना झाला होता, पण दौलतगिरीला ते अजून कुणी नीट कळवलेलं नाही. गावानं त्यांना फेटा बांधला, हत्ती मिळाला नाही म्हणून ट्रॅक्टरवरून मिरवलं आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आदल्या आठवड्यात चौकात लागला होता. तो मी केला होता. फेट्यातला फोटो, मागं सिंह, सिंहामागं किल्ला, हे नेहमीचं. ते थंड देशातले म्हणून थोडा बर्फ टाकला. खाली शुभेच्छुकांसाठी गोल काढले होते, पण युवक मंडळानं आयत्या वेळी निम्मेच फोटो पाठवले. उरलेल्या गोलांत मी पेंग्विन बसवले. त्यांनाही फेटे बांधले.

"तो फलक आपण सिद्ध केलात?" जावईबापूंनी विचारलं. मराठी ते वाड्यातच शिकले होते, जुन्या कारभाऱ्यांकडून, त्यामुळं त्यांना दोनच प्रकारचं मराठी यायचं. एक दरबारी आणि दुसरं त्याहून दरबारी.

"व्हय," मी म्हणालो. शौकतभाई मशीनमागं गेले आणि तिथंच राहिले.

"आमच्या देशी पेंग्विन नसतात."

"गावातली माणसं कमी पडली."

"कुणी हरकत घेतली?"

"नाही. एकाला तर लोक देशमुखांचा धाकटा समजले."

ते आणखी वाकून आत आले. मग दुकानातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि हसायला लागले. खुर्ची हलायला लागली. डोळे पुसून म्हणाले, या गावात येऊन सहा वर्षं झाली, पण माझी थट्टा करणारे आपण पहिलेच. मग मला चहा पाजला. आमच्याच दुकानात, माझ्याच मगातून, पण आमंत्रण त्यांचं.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी यायला लागले. त्यांना माझं नाव पूर्ण आवडायचं, धैर्यशीलराव. माझ्या आईनंसुद्धा ते एवढं पूर्ण कधी वापरलं नव्हतं.

त्यांचं दुखणं मला हळूहळू कळलं. लग्नाआधी त्यांचं कथांचं एक बारकं पुस्तक तिकडं खूप गाजलं होतं. लग्न झालं आणि तिकडच्या वर्तमानपत्रांना पुस्तकापेक्षा फेटा आवडला. पुढच्या पुस्तकावर जे छापून आलं त्यात अर्धा मजकूर फेट्यावर आणि उरलेला हत्तीवर. हत्ती नव्हताच, ट्रॅक्टर होता, पण ते कोण छापणार. मग त्यांनी लिहिणं कमी करून चित्रांवर जोर दिला. इकडं चित्रांचं प्रदर्शन भरलं की पहिल्या दिवशी सगळी विकली जायची. सोसायटीचा चेअरमन, पेट्रोलपंपवाले, कॉलेजचे प्राचार्य, सगळे एकेक घेऊन जायचे. एकदा त्यांनी मुद्दाम कोरी चौकट टांगली. तीही गेली. पेट्रोलपंपवाल्यांनी घासाघीस न करता नेली.

"जावयाला नाही म्हणायचं नसतं," मी समजावलं.

"हे मज अधिक मासात कळले," ते म्हणाले. अधिक महिन्यात सासूबाईंनी ताटात तेहतीस अनारसे वाढले होते. चालीप्रमाणे ते वाण होतं, घरी न्यायचं होतं, पण त्यांचं घर तेच होतं. कुणी काही सांगेना. त्यांना वाटलं, संपवायचे असतात. संपवले. जावयाला थांबा म्हणायची हिंमत कुणालाच झाली नाही.

हे सांगताना ते हसत होते. नंतर जे बोलले ते हसून नव्हतं.

"तिकडे सगळे वाईट म्हणतात, कारण मी राजाचा जावई. इकडे सगळे उत्तम म्हणतात, कारण मी राजाचा जावई. धैर्यशीलराव, चित्र अद्यापि कुणी पाहिलेच नाही."

दोन वर्षं त्यांनी ब्रश हातात धरला नव्हता. राजवाड्याचा पुढचा भाग तोवर हॉटेल झाला होता आणि सरकारांनी प्रेमानं सुचवलं होतं की दिवाळीच्या पाडव्यापासून मॅनेजरची खुर्ची सांभाळा. काम काही नाही. गिऱ्हाइकांना जावईबापूंबरोबर फोटो हवा असतो. खुर्ची शिसवीची होती, सिंहाच्या पायांची. आणि जावयाला जसं कुणी नाही म्हणत नाही, तसं जावयानंही सासऱ्याला नाही म्हणायचं नसतं. म्हणायचंच तर हातात कारण पाहिजे. त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

"वैजयंतीराजेंना विचारा की, चित्रं कशी आहेत," मी म्हणालो.

"ती म्हणते, छान."

"मग?"

"सगळ्यालाच म्हणते. प्रेमात आहे ती. काय उपयोग?"

नवरात्रात मी मंडळाचा स्पर्धेचा फ्लेक्स करत होतो आणि ते मागून वाचत होते. 'नावे गुप्त, फक्त नंबर दिले जातील' या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. ते बोट बराच वेळ तिथून हलेना.

बेत असा ठरला. त्यांनी नाव न लावता एक रांगोळी काढायची. बक्षीस वाटायला दर वर्षी वैजयंतीराजेच असायच्या आणि बक्षिसाआधी त्या सगळ्या रांगोळ्या बघत फिरायच्या. त्या जर हाल्वरच्या रांगोळीपाशी 'छान' न म्हणता थांबून राहिल्या तर चित्रं चालू. 'छान' म्हणून किंवा न बघताच पुढं गेल्या तर पाडव्यापासून खुर्ची.

"त्यांना सांगितलंय का हे?" मी विचारलं.

"नाही. सांगितले तर ओळखेल."

 मी दोन अर्ज भरले. तेरा नंबर माझा, चौदा नंबर माझ्या इचलकरंजीच्या कुसुममावशीचा. मावशीला अजून माहीत नाही.

स्पर्धा राजवाड्याच्या दरबार हॉलात असायची. काळ्या फरशीवर खडूनं चौकोन आखलेले आणि एकमेकांची नक्कल होऊ नये म्हणून प्रत्येक चौकोनाभोवती जुन्या साड्यांचे पडदे. चार वाजता शिट्टी झाली की पडदे पाडायचे. वाड्याच्या आतल्या अंगाला हॉलचं एक दार होतं. त्या दारातून जावईबापू सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन माझ्या मावशीच्या पडद्यात शिरले. पडदा त्यांच्या छातीपर्यंत यायचा, त्यामुळं दिवसभर त्यांना गुडघ्यावर राहावं लागलं. राजघराण्यात हे बसत नाही, पण रांगोळीत बसतं.

त्यांनी रंग आणलेच नव्हते. पोतंभर पांढरी रांगोळी, चुलीतली थोडी राख आणि कपड्याची नीळ.

"नीळ कशाला?"

"बर्फाची सावली निळी असते," ते म्हणाले, आणि मैद्याच्या चाळणीतून पांढरं भुरभुरायला लागले. चाळणीच्या कडेवर एका बोटानं टिचकी मारायची, थांबायचं, पुन्हा टिचकी. मी शेजारी बसून त्यांना रांगोळी चाळून देत होतो. त्यांच्या आईचं गाव होतं ते. परसदार, त्यात लाकडी कुंपण, कडेला घराची भिंत, सगळं बर्फाखाली. म्हणजे दिसायचं काहीच नाही, फक्त कुठं पांढरं जाड, कुठं पातळ आणि मधूनच नखाएवढी निळी रेघ. डोळे किलकिले केले तर कुंपण आहे असं वाटायचं. उघडले की नाही.

टिचक्या मारता मारता त्यांनी तिथली एक गोष्ट सांगितली. वैजयंतीराजे पहिल्यांदा त्या घरी गेल्या तेव्हा रात्रीत बर्फ पडला होता. त्यांनी जन्मात बर्फ बघितला नव्हता. सकाळी घरातली माणसं उठून बघतात तर या परसात, कुंपणापर्यंत चालत गेलेल्या आणि अनवाणी. आई ओरडत धावली, त्यांना ओढत आत आणलं, कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून चोळत बसली आणि चोळताना त्यांना वेडी, मूर्ख असं जे काय तिकडच्या भाषेत म्हणतात ते म्हणत राहिली. चपला का नाही घातल्या म्हणून विचारलं तर वैजयंतीराजे म्हणाल्या, पहिल्यांदाच भेटतोय, चपला घालून कसं जायचं?

"आईला राजघराणे वगैरे समजलेच नाही," हाल्वर म्हणाले. "ती एवढेच म्हणाली, या पोरीजवळ बूट नाहीत, हिला आपण ठेवून घेऊ."

त्यांचं पांढरं पुरवता पुरवता माझ्याकडं तासभरच उरला. मला चित्रकला येत नव्हती, मला लोकांच्या फोटोला फेटा बसवता येत होता. समोर मंडळाची प्लास्टिकची खुर्ची होती, ती काढली. तिचे तीन पाय झाले आणि चौकोन संपला. चौथा पाय आखूड काढला.

दुपारी बेडगे सर माझ्या पडद्यावरून डोकावले. बेडगे सर म्हणजे कलारंजन मंडळाचे अध्यक्ष, मला शाळेत चित्रकला शिकवलेले, अर्थात त्याला शिकवणं म्हणायचं तर. हाल्वर चौदा नंबरात साडीला चिकटून आडवे झाले. सरांनी मला बाजूला घेतलं. वाड्याच्या मुदपाकखान्यातून बातमी फुटली होती की जावईबापू स्पर्धेत उतरलेत.

"धैर्या, त्यांचा नंबर सांग."

"सर, नियमात बसत नाही."

"नियम मीच केलेत लेका."

"म्हणून तर."

सरांचा चेहरा पडला. मंडळाची खोली वाड्याच्या आवारात होती, हॉल वाड्याचा, लाइटबिल वाड्याचं. पहिला नंबर वाड्याबाहेर गेला तर मंडळ कुठं जाणार, असं ते म्हणाले नाहीत, पण मला ऐकू आलं. मग त्यांची नजर माझ्या खुर्चीवर गेली. ती त्यांनी बरीच न्याहाळली. आखूड पायापाशी मान डोलावली आणि गेले. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

चार वाजता शिट्टी झाली आणि साड्या खाली आल्या. हाल्वर त्याच्या आधीच आतल्या दारानं निघून, वाड्याला वळसा घालून, हातपाय धुऊन, पाहुणा म्हणून पुढच्या दारानं आले. मी त्यांना एका खांबामागं उभं केलं. खांब बारीक होता.

हॉलात बसवेश्वर होते, झाशीची राणी होती, तीन ठिकाणी 'पाणी वाचवा' होतं. तेरावर एक खुर्ची आणि चौदावर, लोकांच्या मते, काही नाही. माणसं चौदापाशी येत, नंबर वाचत आणि पंधराकडं जात. एक बाई दुसरीला म्हणाली, नुसता बेस मारून पळाली वाटतं, पोर रडलं असेल घरी. कुसुममावशीबद्दल मला वाईट वाटलं.

वैजयंतीराजे आल्या. पायातलं दारात काढलेलं, साडी साधी. बेडगे सर माहिती देत बरोबर फिरत होते. प्रत्येक रांगोळीपुढं त्या थांबायच्या, ऐकायच्या, म्हणायच्या, "छान." पुढं. "छान." पुढं. खांबामागं माझ्या शेजारी हाल्वर प्रत्येक 'छान' बोटावर मोजत होते.

तेरा नंबरपाशी सरांनी घसा साफ केला.

"ताईसाहेब, ही खास. ही खुर्ची म्हणजे सत्ता. रिकामी आहे, म्हणजे लोकशाही. आणि हा चौथा पाय आखूड आहे, तो विरोधी पक्ष. ही दृष्टी आपल्याकडची नाही. ही बाहेरची."

मला तेव्हा उजेड पडला. माझी खुर्ची त्यांनी जावईबापूंची ठरवली होती आणि मला नुसता मदतनीस. एवढं वाईट चित्र गावातला माणूस स्पर्धेत मांडणार नाही, तेव्हा हे मोठं काहीतरी असणार, असा तो हिशोब होता.

वैजयंतीराजेंनी खुर्चीकडं बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. "छान आहे," म्हणाल्या.

"झाले," हाल्वर हळूच म्हणाले. "आता ती खुर्ची माझीच. शिसवी आहे म्हणतात. आपण येऊन बसत जा."

 माझी थट्टा नेमकी तेव्हा संपली होती.

त्या चौदापाशी आल्या. सर पुढं सरकले. "इथं काही नाही ताईसाहेब, रिकामं आहे. पंधरा बघावा, पाण्यावर आहे."

त्या पंधराकडं वळल्या. खरंच वळल्या, एक पाऊल टाकलंही. मग थांबल्या. मान मागं फिरवून चौदाकडं बघत राहिल्या. वाकल्या नाहीत, काही विचारलं नाही. आधी जरा डावीकडं गेल्या, मग पुन्हा मधे आल्या, डोळे किलकिले केले.

मग त्यांनी निऱ्या मूठभर वर धरल्या आणि चौदा नंबरात पाय ठेवला.

"ताईसाहेब, पाय—" सर म्हणाले, तोवर दुसरा पायही आत पडला होता.

त्या चालत गेल्या. सावकाश, टाच आधी, मग बोटं. परसातून कुंपणापर्यंत. कुंपणाची निळी रेघ होती तिथं क्षणभर उभ्या राहिल्या आणि वळून दुसऱ्या वाटेनं परत आल्या. पांढऱ्यावर पावलांची ओळ उमटली. खालची काळी फरशी थोडी वर आली होती, निळीत मिसळून, आणि तेव्हा आख्ख्या हॉलाला पहिल्यांदा दिसलं की हा बर्फ आहे, ते कुंपण आहे आणि कडेला घर आहे. पंधराचं पाणी बघणारे लोकही मागं वळले.  मघाची बाई दुसरीच्या दंडाला धरून उभी होती.

वैजयंतीराजे तशाच खांबाकडं आल्या. काळ्या फरशीवर मागं पांढरी पावलं. लोकांत त्या नवऱ्याला अहोजाहो करायच्या. तेव्हा केलं नाही. हळू बोलल्या, पण मी खांबाएवढा जवळ होतो.

"कुंपण चुकलंय. ते डावीकडं होतं."

हाल्वर खांबामागून बाहेर आले.

"आणि घर केवढं मोठं काढलंयस. एवढं कुठं होतं? आत आपण तिघं बसलो की चौथ्याला जागा नव्हती."

"म्हणजे वाईट आहे?" त्यांनी विचारलं. दरबारी मराठी कुठं गेलं होतं कोण जाणे.

"घर वाईट आहे," त्या म्हणाल्या. "बर्फ बरोबर आहे." मग पायांकडं बघून म्हणाल्या, "आईंना कळव. या वेळी गार नाही लागला."

हाल्वरनी खांबाला डोकं टेकलं. मला वाटलं रडतायत. नंतर कळलं, हसतही होते.

पुढची अडचण बेडगे सरांची होती. चौदा नंबर कुणाचा हे आता हॉलातल्या लहान पोरालाही कळलं होतं. सर माइक सोडून धावत आले. जावईसाहेब, चूक झाली, पहिला नंबर आपलाच, कुकर आपला, मंडळाकडून शाल आणि श्रीफळ.

"नियम काय आहे?" हाल्वरनी विचारलं.

नियम मी फ्लेक्सवर स्वतः छापला होता. रांगोळीवर कुणाचाही पाय पडल्यास ती स्पर्धेतून बाद, सबब ऐकली जाणार नाही. एका वर्षी एका पुढाऱ्याच्या मिशीवरून शेळी गेली होती आणि त्यावरून मंडळात फूट पडायची वेळ आली होती, तेव्हापासूनचा हा नियम.

"पण पाय ताईसाहेबांचा," सर काकुळतीला आले.

"कुणाचाही असे लिहिले आहे."

"जावईसाहेब, मी तुम्हाला बाद कसं म्हणू?"

"माइकवर," हाल्वर म्हणाले. "कृपा होईल."

बेडगे सर माइकपाशी गेले. दोनदा घसा साफ केला. एकदा 'नंबर चौदा' म्हणून थांबले आणि पाणी प्यायले. दौलतगिरीत जावयाला आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं आणि आता ते हजारभर माणसांसमोर, लाउडस्पीकरवर म्हणायचं होतं. शेवटी त्यांनी वैजयंतीराजेंकडं बघितलं. त्यांनी होकाराची मान हलवली.

"नंबर चौदा," सर डोळे मिटून म्हणाले, "बाद."

माइक कूं करून ओरडला. हाल्वरनी दोन्ही हात जोडून सरांना नमस्कार केला, देवाला करतात तसा. मग माझ्याकडं वळून, आयुष्यात दुसऱ्यांदा मला चहा पाजावा असा चेहरा करून म्हणाले, "ऐकलंत? मला बाद केलं."

पहिला नंबर तेराला गेला. ज्या कारणासाठी द्यायचा ठरला होता ते आता सांगता येईना आणि काढून घ्यायचा तर तेच सांगावं लागणार. सरांनी माझ्या हातात कुकर दिला तेव्हा कानात विचारलं, "विरोधी पक्षच ना तो?" मी म्हणालो, "सर, जागा संपली होती." त्यांनी ऐकलं नाही असं केलं. चांगले शिक्षक होते.

पाडव्याच्या दिवशी हाल्वर सरकारांसमोर गेले आणि म्हणाले, खुर्ची नको, मला कुंपण दुरुस्त करायचंय. सरकारांना काही कळलं नाही, पण ते जावयाला नाही म्हणू शकत नव्हते. आयुष्यात तेवढं एकदा ती चाल कामाला आली.

त्यांनी पुढं बर्फाचीच चित्रं काढली, एकामागं एक, आणि घर प्रत्येक चित्रात लहान होत गेलं. तिकडं ती लागली तेव्हा एका वर्तमानपत्रानं लिहिलं की यात बघण्यासारखं काही नाही. ते कात्रण त्यांनी फ्रेम करून आणलं आणि दुकानात येऊन मला शब्द न् शब्द वाचून दाखवलं. फेट्याचं नाव नव्हतं त्यात, हत्ती नव्हता. नुसतं चित्र वाईट आहे एवढंच. दुसऱ्या एकानं चांगलं लिहिलं होतं, ते त्यांनी घडी करून खिशात ठेवलं.

माझी खुर्ची त्यांनी दुसऱ्या दिवशी, झाडू मारायच्या आधी, उकिडवं बसून नीट बघितली होती. मला वाटलं, म्हणतील, छान. ते म्हणाले, तीन पाय आपण फ्लेक्सवाल्यासारखे काढलेत, वाईट आहेत. चौथा मात्र खरा आहे, कारण तिथं आपल्याला अडचण आली. मग शेजारच्या बर्फातून चिमूटभर पांढरं घेऊन त्यांनी मला सावली कशी टाकायची ते दाखवलं. झाडूवाली बाई कमरेवर हात ठेवून आमच्या उठण्याची वाट बघत होती. त्याआधी मला कुणी काही शिकवलं असेल तर आठवत नाही. मी आता लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. त्यात कधीमधी पेंग्विन असतात, आणि ते योग्य देशात असतात. कुणी छान म्हटलं की मी विचारतो, कुंपण कुठं चुकलंय? बहुतेक लोक निघून जातात. एखादा थांबतो आणि सांगतो, आणि मी त्याला चहा पाजतो.

हाल्वर आणि वैजयंतीराजे आता निम्मं वर्ष तिकडं असतात, आईच्या त्या घरात. आई गेल्या. चौथ्याला जागा आहे, या, असं ते दर हिवाळ्यात कळवतात. मी एकदा जाऊन आलो. कुंपण खरंच डावीकडं आहे. मी बूट दारात काढून परसात गेलो, कारण पहिल्यांदाच भेटत होतो. तीन पावलांवर परत आलो. कोमट पाण्याचं घमेलं आधीच भरून ठेवलेलं होतं.

तरी मा. अध्यक्ष, दौलतगिरी कलारंजन मंडळ, सध्या बंद, यांस सविनय विनंती करण्यात येते की, तेरा नंबरला देण्यात आलेला पहिला क्रमांक, कारण उघड झाल्याने, रद्द करण्यात यावा. तो चौदा नंबरला देण्यात येऊ नये, कारण सदर स्पर्धक आपल्या 'बाद' या निकालाला आयुष्यातील सर्वोच्च सन्मान समजतात आणि तो कायम ठेवावा अशी त्यांची इच्छा आहे. पहिला क्रमांक चौदा नंबरवर पडलेल्या पावलांना, जातानाच्या आणि येतानाच्या अशा दोन्ही, विभागून देण्यात यावा. सदर पावले दुसऱ्या दिवशी झाडली गेल्याची सबब, नियमाप्रमाणे, ऐकली जाणार नाही. सोबत कुकर जोडला आहे. शिट्टी आणि रबर माझ्या आईने बदललेली आहेत, बाकी मूळचा आहे. पोच मिळावी.